साडी क्रमांक नऊ

खिल्लारे भाऊसाहेब माझ्या दुकानात आले की आधी डोळ्यांना गमछा बांधतात. मग चाचपडत टेबलाशी येतात, कॉम्प्युटरचा माऊस उपटून माझ्या हातात देतात आणि खुर्चीत ताठ बसून म्हणतात, "करा सुरू मोजनी."

नवीन गिऱ्हाईक असलं तर ते दारातच थबकतं. एकदा मोंढ्यातले एक बियाणेवाले पहिल्यांदाच आले होते. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "ताई, म्हाताऱ्याला बाहेरचं काही हाय का?"

"बाहेरचं नाही हो, सगळं आतलंच आहे," मी म्हणाले. ते जे गेले ते दोन दिवसांनी फोन करूनच आले.

जिंतूरला एसटी स्टँडासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी वेबसाइट बनवून देते. बियाणं, मंगल कार्यालय, साड्या, जो येईल त्याची. भाऊसाहेब म्हणजे रिटायर्ड तलाठी. उभी नोकरी सातबारे लिहिण्यात आणि पंचनामे करण्यात गेली. नोकरी सुटली, भाषा काही सुटली नाही. चहा आला की "चहा प्राप्त" म्हणतात. चहात साखर जास्त पडली तर "नोंद घ्या" म्हणतात.

पहिल्यांदा आले ते भांडायलाच. मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्या मंगल कार्यालयाची वेबसाइट तुमीच केली का?"

मला वाटलं, कौतुक करायला आलेत. "हो, मीच!"

"मंग ऐका." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. मोबाईल बाईच्या आवाजात बोलायला लागला, "बटन. बटन. चित्र. बटन."

"आता सांगा, ह्यातलं हॉल बुक करायचं बटन कोनतं?"

ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाईल पडद्यावरचं असं वाचून दाखवतो. पण बटनामागे त्याचं नाव, चित्रामागे त्याचं वर्णन आपण लिहून ठेवलेलं असेल तरच. मी लिहिलं नव्हतं. खरं सांगते, लिहायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"मुकी बटनं हायेत तुमची," भाऊसाहेब म्हणाले. "जमीन हाय अन् सातबाऱ्यावर नाव न्हाई. नोंद घ्या."

मला आला राग. मला राग यायला वेळ लागत नाही. "अहो, आंधळी माणसं कशाला मंगल कार्यालय बुक करायला येतायत?" मी बोलून गेले. आजही आठवलं की जीभ चावते.

भाऊसाहेब आवाज न चढवता म्हणाले, "कामून? त्यांच्या पोरींची लग्नं होत न्हाईत का?"

त्या दिवशी मी जेवायला न जाता त्या वेबसाइटची सगळी बटनं बोलती केली. तेव्हापासून भाऊसाहेब रोज अकराला हजर. मी जी वेबसाइट करीन ती आधी ते गमछा बांधून, नुसत्या कीबोर्डवर, कानांनी तपासणार. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं फॅशन म्हणून टाकली तेव्हा मात्र गमछा वर सरकवून म्हणाले, "ताई, शाई संपली होती का?" एकदा एका वेबसाइटवर 'आपण माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी सिग्नल असलेली चित्रे निवडा' असं आलं. भाऊसाहेबांनी गमछ्याआडून कीबोर्डची सगळी बटनं दाबून पाहिली. मग म्हणाले, "मी माणूस हाय ह्याला दोन साक्षीदार आनले तर चालतील का?"

हे सगळं कशासाठी, घरी कुणाला काही आहे का, असं मी दोन-तीनदा विचारलं. "चौकशी चालू हाय," एवढंच म्हणायचे आणि विषय बंद.

मग गोविंदशेठच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट आली. चाळीस साड्या, चाळीस फोटो. प्रत्येकाचं वर्णन लिहायचं म्हणजे माझ्या कपाळाला आठ्या. भाऊसाहेब म्हणाले, "मी लिहितो. आयुष्यभर न दिसनाऱ्या साहेबाला शेत दाखवलंय मी, कागदावर."

आणि त्यांनी लिहिलं. हे बघा:

'साडी क्रमांक चार. रंग हिरवा, पावसाळ्यात येलदरी धरणाकाठी गवत असते तसा. पूर्वेस काठ, लाल, रुंदी अंदाजे चार बोटे. पश्चिमेस तसाच काठ. उत्तरेस पदर, त्यावर मोर नग सहा, पैकी एकाचे तोंड उलट दिशेस. दक्षिणेस निऱ्यांचा भाग, कोरा. वाचणाऱ्याने उत्तरेकडे तोंड करून बसावे. सदर साडी गोऱ्या व सावळ्या दोन्ही बायकांस शोभते. सावळ्यांस अधिक.'

हसून हसून माझी पुरेवाट झाली. हिरव्या साड्या चार होत्या, चारींना असं पानभर कौतुक. आणि नवव्या साडीला काय? 'साडी क्रमांक नऊ. जांभळी. इतर काही नाही.'

"जांभळीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"रंगच तसला हाय. कोन घेतंय जांभळी?"

वेबसाइट सुरू झाली. पंधरा दिवसांनी गोविंदशेठनी ती वर्णनं कुठून तरी वाचली आणि तणतणत माझ्याकडे आले. "ताई, मला साड्या विकायच्यात, जप्ती न्हाई करायची!" मलाही वाटलं, अतीच झालंय. मी सगळी वर्णनं काढून टाकली. 'हिरवी साडी.' 'जांभळी साडी.' विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी गमछा बांधला, ऐकलं, आणि हळूहळू गाठ सोडली. "नोंदी खोडल्या तुमी," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. रुसू दे म्हटलं, उद्या येतील. उद्या आले नाहीत.

फोन मात्र आला. बाईचा आवाज. "साड्यांची वेबसाइट करनाऱ्या ताई तुमीच ना? मी कौशल्याबाई. खिल्लारे तलाठ्याच्या घरची."

मी खुर्चीत नीट बसले.

"साखरेनं डोळे गेले माझे, सहा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार ह्यांना इचारतोय, बाईंना कोनता रंग चालंल? अन् हे सांगतात, हिरवा. मी तितंच बसलेली असते ना बाई! डोळे गेलेत माझे, तोंड हाय की. मंग दुकानात जानंच सोडलं. आता महिन्यावर भाचीचं लग्न आलंय. मला एक साडी माझ्या मनानं घ्यायची हाय, कुनाला न इचारता. मोबाईलवर रोज ऐकत होते. अन् परवापासून नुसतं हिरवी साडी, हिरवी साडी! चार हायेत, त्यातली कोनती कशी? पहिलं होतं तसं लावा. अन् ह्यांना बोलू नका."

"पण ते वर्णन कुणी लिहिलं, माहीत आहे तुम्हाला?"

त्या हसायलाच लागल्या. "जेवायला बसलं की पूर्वेस भाकर, उत्तरेस पिठलं, पश्चिमेस ठेचा हाय, जपून, असं सांगनारा दुसरा कोन हाय जिंतुरात? त्यांना वाटतंय, मला कळंना."

फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. सगळ्या नोंदी परत लावल्या. गोविंदशेठना कळवलं की ह्यावर भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा. मग दार लोटून घेतलं, ओढणीनं डोळे बांधले, माऊस बाजूला सारला आणि पहिल्या पानापासून साडी विकत घ्यायला निघाले. सगळं जमलं. शेवटी ऑर्डर पक्की करायचं तेवढं राहिलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, "बटन." फोटोंच्या गडबडीत हे आम्हा दोघांकडूनही राहून गेलं होतं. बाईंनी एवढ्यापर्यंत येऊन काय केलं असतं? ते बोलतं केलं तेव्हा कुठे ओढणी सोडली.

आठवड्याभरानं भाऊसाहेब आले. गमछा खांद्यावरच.

"घरी पार्सल प्राप्त झालं," म्हणाले.

"हो का?" मी वेड पांघरलं.

"जांभळी हाय. मी म्हनलं, अगं, बटन चुकलं तुजं, हिरवी राहिली, परत करू. तर म्हनली, चुकलं न्हाई. मला लग्नाच्या आधीपासून जांभळाच आवडतोय." ते माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते. "छत्तीस वर्सं हिरवी आनली हो मी. दर दिवाळीला. डोळे होते तवा बी हिरवीच. एकदा बी इचारलं न्हाई. अन् ती बी नेसत राहिली."

मी चहा सांगितला. त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"ताई, क्रमांक नऊची नोंद अपुरी हाय," ते म्हणाले. "दुरुस्ती करायची हाय. घ्या लिहून. डोळे बांधून, हातानं बघितली मी सकाळी."

मी टाइप करत गेले.

'साडी क्रमांक नऊ. रंग जांभळा. पूर्वेस काठ, जरीचा, हातास किंचित खरखरीत. पश्चिमेस तसाच. उत्तरेस पदर, त्यावर कोयऱ्या नग अकरा, बोटाने मोजता येतात. दक्षिणेस निऱ्या, मऊ. सदर साडी नेसून पाहताना बाई दोनदा हसल्या. सदर रंग बाईंस पहिल्यापासून पसंत असल्याची बाब लिहून देणाऱ्यास फार उशिरा समजली. त्याबद्दल दिलगीर आहे.'

"हे शेवटचं ठेवू?" मी विचारलं.

"ठेवा. खोडू नका." चहा तसाच ठेवून ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "अन् दोनच्या आत लावा, ताई. दोनला ती ऐकायला बसती."