हुंकाराची क्लिप

तुम्हाला म्हणून सांगतो, यापुढे माणसाला काम करायची गरजच उरलेली नाही! निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी माझं हेच ठाम मत होतं.

मी स्वप्निल, मुक्काम आंजी मोठी. घरची भाजीपाल्याची शेती आहे आणि मी 'वाफ्यावरच्या गप्पा' नावाचा पॉडकास्ट चालवतो. चालवतो म्हणजे शेतकऱ्यांसमोर माइक ठेवतो आणि ते दोन-दोन तास बोलतात. ऐकणारी मुख्यतः माझी आई, तीही पोळ्या लाटताना.

मग मला ते सॉफ्टवेअर सापडलं! अख्खं रेकॉर्डिंग त्याच्या हवाली करायचं. ते स्वतःच सगळं ऐकणार, त्यातला सर्वात रसाळ तुकडा शोधणार, मधली शांतता, खोकणं-खाकरणं कापणार, खाली अक्षरं लावणार, झकास मथळा देणार आणि मला न विचारता सगळीकडे टाकून मोकळं होणार!

"मंग तू काय करशीन?" आईनं विचारलं.

"मी? मी नुसता पाहीन!"

"म्हंजे आता करतं तेच," आई म्हणाली आणि पोळी उलटली.

पण आईला काय माहीत, माझं सगळं आयुष्य त्या सॉफ्टवेअरवर टांगलेलं होतं! मला आचल हवी होती. आचल म्हणजे गावातल्या ताराचंद काकाजींची मुलगी. कॉलेजला आम्ही एकाच बसनं वर्ध्याला जायचो. तिला माझ्याबद्दल काय वाटतं ते ठाऊक नव्हतं, कारण विचारायची छातीच झाली नाही. स्वप्नात मात्र पुष्कळदा विचारून झालं होतं. तिथे ती दरवेळी हो म्हणायची, आणि मागे वांग्याच्या शेताला जांभळी फुलं यायची.

काकाजींचं माझ्याबद्दलचं मत गावभर प्रसिद्ध होतं. "पोट्टा वाईट नाई, पन उभ्या उभ्या सपनं पायते!" तेव्हा बेत असा: काकाजींची मुलाखत घ्यायची, त्यांची क्लिप जिल्हाभर गाजवायची आणि ते खुशीत असताना आचलचा विषय काढायचा.

ठरल्या दिवशी त्यांच्या वाडीत पोचलो. "आधी जेवन, मंग गोष्टी!" काकाजी म्हणाले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, पाटोडीचा रस्सा! ताटावर हात आडवा धरला तर काकाजींनी बोटांच्या फटीतून रस्सा वाढला. शेवटी मला दोघा गड्यांनी धरून निंबाखालच्या बाजेवर आणलं. माइक मध्ये ठेवला आणि काकाजी वांग्याच्या शेताकडे बघत बोलू लागले.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मोठं माणूस बोलत असताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. दोन वाक्यं झाली की 'हं'. नाही दिला तर बोलणारा गप्प होतो आणि रुसतो. लहानपणापासून ही सवय अंगात इतकी मुरते, की हुंकार द्यायला माणूस हजर असावाच लागतो असं नाही.

थंडीतलं कोवळं ऊन निंबातून पाझरत होतं. पाटात पाणी सावकाश चाललं होतं, वर एक चतुर हवेत जागच्या जागी थांबला होता. काकाजींचा आवाज लांब लांब गेला. बाज हलकेच जमिनीवरून सुटली आणि मला घेऊन शेतावरून तरंगू लागली! खाली आचल चहा घेऊन उभी. "साखर टाकू?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "हं." "अजून टाकू?" "हं." "कप धरशीन?" "हं." इतकं गोड मी जन्मात कधी झोपलो नव्हतो!

जाग आली तेव्हा काकाजी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेका, मन हलकं झालं आज!" वांग्यांबद्दल या माणसाला एवढं प्रेम! मला गहिवरून आलं. घरी जाऊन रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या तोंडी दिलं. क्लिप निघाली आणि गेलीसुद्धा. मी पाहिली का? छे! आपोआप होणाऱ्या गोष्टी पाहायच्या कशाला?

संध्याकाळी फोन सुरू झाले. पहिला तळेगावच्या किशोरचा. किशोर हा काकाजींचा भाचा आणि माझा दोस्त.

"अभिनंदन, लेका! पायली आमी! एकदम उरकूनच टाकलं!"

"अबे, हे तं पयलीच हाये! आता दर मयन्याले एक करतो!"

"दर मयन्याले?"

"हो! पुढची गिरडची. बोलनं सुरू हाये. तुह्या तळेगावात कोनी असंन तं सांगजो!"

किशोरनं फोन ठेवला. मी खाटेवर पडून स्वप्नात पुढची पायरी चढलो. सत्कार चाललाय, काकाजी स्वतः हार घालताहेत, आचल टाळ्या वाजवतेय... तेवढ्यात दार वाजलं. काकाजी! डोळे लाल, मागे स्कूटीवर आचल, आणि तिचे डोळे त्याहून लाल!

"गिरडची कोन हाये?" काकाजी गरजले.

"यशोदाबाई!" मी आनंदानं म्हणालो. "लय अनुभवी!"

"अनुभवी?" स्कूटीवरून आवाज आला.

"मंग काय! सत्तर वर्षाच्या हायेत, शेळ्या पाळतात! त्यायची मुलाखत घ्याची हाये पुढच्या मयन्यात!"

काकाजी धपकन ओट्यावर बसले. "मंग माह्या पोरीचं काय?"

"आचलचं? काय?"

त्यांनी आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मथळा होता, 'सासऱ्याचा सवाल, जावयाचा होकार!' खाली सरकती अक्षरं आणि आमचे आवाज.

"आचलले लांब द्याचं मन होत नाई. कोनीतरी इथचाच पाह्यजे. तू करशीन तिच्याशी लगन?"

"हं."

"दिवसा सपनं पायनं सोडशीन?"

"हं."

"पहाटे उठून वांग्याले पानी देशीन?"

"हं!"

शेवटच्या 'हं'मध्ये तर काय तो निर्धार होता! सॉफ्टवेअरनं मधलं माझं घोरणं तेवढं सफाईनं कापलं होतं. आचल माझ्याकडे बघत होती. नुसतं गप्प बसलो असतो तरी ती माझी होती! पण तिच्यासमोर तसं गप्प बसवेना.

"काकाजी," मी म्हणालो, "मी झोपलतो."

स्वयंपाकघरात आईच्या हातून झारा पडला.

"मले मालूम हाये," काकाजी म्हणाले. "तुह्या घोरन्यानं निंबावरचे पोपट उडाले, लेका!"

"मंग... इचारलं काऊन?"

काकाजींनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "जागा असता तं इचारता आलं नसतं. पोरीचा बाप हाओ मी. तू नाई म्हटलं असतं, तं गावात तोंड कुठं दाखवलं असतं?"

मला त्या क्षणी काकाजी फार आवडले. आम्ही दोघं एकाच गोष्टीला एकसारखे भीत होतो की!

"तुमचं झालं?" आचल म्हणाली. "मले इचारलं का कोनी?"

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. मग मी कशीबशी मान वर केली, आणि एवढ्या वर्षांत जे फक्त झोपेत जमलं ते जागेपणी करून टाकलं. "आचल, मले तू पाह्यजे. करशीन लगन?"

तिनं स्कूटी सुरू केली. "उद्या पहाटे वाडीत ये. पानी द्याचं हाये. आला तं सांगीन."

पहाटे अंधारात मी वाडीत हजर! तिच्या आधी! धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो. शेतावर धुकं उतरलं होतं, वांग्याची झाडं त्यात बुडून फक्त शेंडे दिसत होते. कुठेतरी मोटार सुरू झाली आणि पाण्याचा आवाज येऊ लागला. एवढं सुंदर मी जागेपणी काही पाहिलंच नव्हतं...

डोळे उघडले तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचून चकाकत होतं. माझ्या अंगावर एक जांभळी ओढणी पांघरलेली होती आणि पलीकडे आचल क्रेटमध्ये वांगी भरत होती.

"मी आलतो!" मी धडपडत उठलो. "देवाशपथ, तुह्या आधी आलतो!"

"मालूम हाये," आचल हसली. "आला, तेवढं पुरे हाये मले."

लग्न दिवाळीनंतर आहे, सगळ्यांनी यायचं! मुहूर्त मुद्दाम संध्याकाळचा धरलाय. आणि अक्षता पडेपर्यंत नवरदेवाला घासभरही जेवू घालायचं नाही, अशी ताकीद काकाजींनी माझ्या आईला आत्ताच देऊन ठेवली आहे!