बारा वाजता अडवलेली बर्फाची गाडी

"थांब! एक पाऊल पुढं टाकू नकोस!"

शुक्रवार पेठेतल्या चौकात छत्री आडवी धरून सिद्धलिंगप्पा बैलगाडीच्या पुढ्यात उभे राहिले. मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं, कावळेसुद्धा सावलीत चोची उघड्या टाकून बसले होते, आणि अशात एक गाडीवान दोन बैलांना चढावर हाणत होता. ते पाहून सिद्धलिंगप्पांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशी ती रोजच कुठल्या ना कुठल्या निमित्तानं जात असे. आज निमित्त शोधावं लागलं नाही इतकंच.

"बारा वाजून गेले. कळत नाही?"

"मालक, माज्याकडं घड्याळ न्हाय," गाडीवान महिपती म्हणाला.

"डोक्यावर सूर्य तर आहे ना! उन्हाळ्यात बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही, हा नियम आहे. सोड बैल!"

हा नियम सिद्धलिंगप्पांच्या आजोबांनी आणलेला. इंग्रजी अमलात गावातल्या चार व्यापाऱ्यांना गोळा करून त्यांनी प्राणिदया मंडळ काढलं, तेव्हा लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं होतं. "आता बैलाला धोतर नेसवा," असंही कुणीकुणी म्हणालं. पण म्हाताऱ्यानं चिकाटी सोडली नाही. चौकात जनावरांसाठी दगडी हौद बांधला, सरकारदरबारी खेटे घालून दुपारच्या सुट्टीचा नियम करून घेतला, आणि तो पाळला जातो का हे पाहायला मंडळातर्फे एक निरीक्षक नेमला. पुढे आजोबा गेले, इंग्रज गेले. हौद राहिला, नियमही राहिला. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारे गाडीवान दुपारी बैल सोडून झाडाखाली बसायला लागले, आणि पुढच्या पिढीला तर जग पहिल्यापासून असंच चाललंय असं वाटू लागलं. चादरींचं दुकान आणि मंडळाचं चिटणीसपद असा दुहेरी वारसा सिद्धलिंगप्पांकडे आला होता. दुकान ते शांतपणे चालवत. मंडळ मात्र संतापून चालवत.

"सोडतो की," महिपती खाली उतरत म्हणाला. "माज्या बैलास्नी ऊन लागावं अशी माजी काय हौस हाय? पर गाडीत बरफ हाय, मालक. तीन वाजंपातूर त्येचं पानी हुईल."

त्यानं गोणपाट उचलून दाखवलं. खाली लाकडाच्या भुश्यात बर्फाच्या लाद्या घाम गाळत पडल्या होत्या.

एव्हाना माणसं जमली होती, आणि माणसं जमली की सिद्धलिंगप्पांचा आवाज आपोआप चढायचा. "होऊ दे पाणी! बर्फ विरघळला तर कारखाना उद्या दुसरा करील. बैल पडला तर कोणत्या कारखान्यात करून आणणार आहेस? कोण हा गृहस्थ, ज्याला मुक्या जिवापेक्षा थंडगार सरबत प्यारं झालंय? नाव सांग त्याचं! मंडळापुढं उभा करतो!"

"नाव ठावं न्हाय. कारखान्याचा कारकून म्हनला, चौकात मानूस न्यायला येईल."

"येऊ दे. त्यालाही ऐकवतो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिपतीनं गाडीला पुढून लाकडाचा टेकू दिला, बैल सोडले, हौदावर नेऊन पाणी पाजलं आणि पिंपळाखाली बांधले. गाडी चौकात उन्हात उभी राहिली. सिद्धलिंगप्पांनी कपाळावरचं भस्म सावरलं आणि आजोबांचं नाव राखल्याच्या समाधानात ते घराकडे वळले.

घरात गडबड उडाली होती. मुलीचा आज संध्याकाळी साखरपुडा. अक्कलकोटकडची मंडळी सकाळच्या एसटीनं येऊन जेवून उठली होती. होणारे व्याही ईरप्पा हे अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं फटाका. त्यांची म्हातारी आई शिवम्मा तर उन्हात यायलाच तयार नव्हती. "सोलापुरात आईस्क्रीम देतो," असा निरोप सिद्धलिंगप्पांनीच धाडला, तेव्हा कुठं बाई गाडीत बसली होती. तिच्या तोंडात दात एकही नव्हता आणि आईस्क्रीम तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. जेवताना तिनं तीनदा विचारलं होतं, "ते थंड कधी वाढणार?"

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको दाक्षायणी पदर खोचून उभी होती. आईस्क्रीमच्या लाकडी संच्यात आटवलेलं दूध ओतून ती केव्हाची वाट पाहत होती.

"अहो, बर्फ कुठाय?"

"बर्फ?" सिद्धलिंगप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम गार पडला. घरात तेवढीच काय ती गार गोष्ट होती.

"गाडीनं येणार होता की! सिदूला कवाचं चौकात पाठवलंय आणायला."

तेवढ्यात दुकानाचा हमाल सिदू रिकाम्या हातानं दारात आला.

"सिदू, ती चौकातली गाडी... आपली?"

"व्हय मालक. आपलीच."

"अरे, मग तू तिथं होतास ना? बोलला का नाहीस?"

"तुमी बोलत हुता की," सिदू म्हणाला. "मदी कसं बोलावं? मी टाळ्या वाजीवल्या."

दाक्षायणी रागावली की कन्नडवर जाई. "एनरी इदु! काय हो हे!" ती कडाडली. "आपलाच बर्फ आपणच अडवला? आता त्या म्हातारीला काय देऊ, भुसा? जावा, घेऊन या!"

सिद्धलिंगप्पा परत चौकात आले. टाळ्या वाजवणारी माणसं अजून तिथंच होती. गाडीखाली ओलं थारोळं झालं होतं आणि एक कुत्रं त्यात आरामात पसरलं होतं. सिद्धलिंगप्पा महिपतीजवळ गेले आणि बऱ्याच वर्षांत प्रथमच हळू आवाजात बोलले.

"हे बघ, घर इथंच आहे. वळणापलीकडं. एवढ्यापुरते जुंप."

"काय?" महिपती मोठ्यानं म्हणाला. "बैल जुंपू? आवं, आत्ताच तर तुमी म्हनला, नेम हाय! बैल पडला तर कारखान्यात हुईत न्हाय!"

"हळू बोल रे!"

पण उशीर झाला होता. मंडळाचा निरीक्षक मल्लप्पा खाकी टोपी सावरत पुढं आला. मागच्याच आठवड्यात त्यानं एका ओळखीच्या माणसाचा टांगा सोडून दिला होता, म्हणून सिद्धलिंगप्पांनी त्याला भर सभेत झापलं होतं: नियमापुढं ओळखपाळख बघायची नाही, साक्षात मी जरी असलो तरी!

"मालक, जुंपलं तर मला केस करावी लागंल," मल्लप्पा खालमानेनं म्हणाला.

"अरे, मी कोण आहे?"

"चिटणीस हाय. म्हणूनच भ्या वाटतंय. सोडलं तर सभेत तुमीच झापणार."

सिद्धलिंगप्पा जास्तच चिडले. राग कुठंतरी काढायला हवा होता. पिंपळाखाली त्यांच्याच दुकानाचे हमाल बसले होते, सिदूही त्यांच्यात जाऊन टेकला होता.

"बसलात काय? उठा! तुम्ही ओढा गाडी!"

कुणी हललं नाही. सिदूनं आपला अनवाणी पाय पुढं करून तळवा दाखवला. डांबर चिकटून तो काळा झाला होता.

"मालक, बैलाच्या पायाला नाल तरी हाय. ह्या उन्हात त्यास्नी सुट्टी, आन आमी वडायचं?"

"तो नियम जनावरांसाठी आहे!" सिद्धलिंगप्पा गरजले.

सवयीनं आवाज भाषणाचा लागला होता. साऱ्या चौकानं ऐकलं. कडेला काकडीची पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "व्हय बया. मान्सानं काय पुण्य केलंय म्हनून त्येला सावली मिळावी?"

लोक हसले. टाळ्या वाजवणारेच हसले. सिद्धलिंगप्पांना संताप आला; बाईचा, सिदूचा, मल्लप्पाचा आणि सगळ्यात जास्त कशाचा, ते त्यांना नीट कळेना. आपण चुकीचं काही बोललो नाही याची त्यांना खात्री होती. नियम खरंच जनावरांसाठी होता. पण तो काळा तळवा काही डोळ्यांपुढून हलेना.

अशात वळणावरून ईरप्पा आले, चेहरा लालबुंद करून.

"काय हो, ही काय पाहुणचाराची रीत झाली? माझी आई वाटी हातात घेऊन बसलीय! लहान पोरासारखं तिला फसवलं का आपण?"

मल्लप्पानं त्यांना सगळी हकीकत सांगितली. ईरप्पांनी बैलांकडं पाहिलं, हमालांकडं पाहिलं, विरघळत्या बर्फाकडं पाहिलं. मग कोट काढून काकडीवालीच्या पाटीवर ठेवला आणि धोतराचा काचा मारला.

"बैलाला सुट्टी, हमालाला सुट्टी. आपण दोघं आहोत की रिकामे. या व्याही, धरा जू!"

"मी? अहो, मी मंडळाचा चिटणीस..."

"मग तुमच्यासाठी नियम आहे का काही? नाही ना? धरा!"

नियम नव्हता. सिद्धलिंगप्पांनी खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि जुवाखाली खांदा दिला.

लाकूड तापलं होतं. पहिल्या हिसक्याला गाडी जागची हलली नाही. दुसऱ्याला हलली ती मागं. तिसऱ्याला दोघांनी मिळून महादेवाचं नाव घेतलं तेव्हा चाक फिरलं. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. महिपती सवयीनं "हैक! हैक!" करायला लागला आणि एकदा तर त्याचा आसूड उचललाही गेला. "आसूड न्हाय वापरायचा!" मल्लप्पानं मागून दम भरला. मंडळाच्या नियमाचा आपल्याला होणारा फायदा सिद्धलिंगप्पांनी त्या दिवशी प्रथमच अनुभवला.

चढावर त्यांचा श्वास फुलला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. आपण गेली कित्येक वर्षं सिदूला ह्याच चढावरून, ह्याच वेळी चादरींच्या गठ्ठ्यांची हातगाडी घेऊन धाडतो, आणि तो उशिरा आला की "झोपला होतास का" म्हणून विचारतो, हे त्यांना आठवलं. ते आठवल्यामुळे ते आणखी चिडले. वळणाशी त्यांनी जू खाली टेकवलं आणि तिथंच मटकन बसले. महिपती धावत गेला, हौदावरून बादली भरून आणली आणि त्यांच्या तोंडापुढं ठेवली. त्यात अपमान नव्हता. दमलेल्या जिवाला पाणी द्यायची त्याला तेवढीच एक रीत ठाऊक होती. सिद्धलिंगप्पा ओंजळीओंजळीनं प्याले.

उठून पुन्हा जोर लावला तर गाडी एकदम हलकी झाली. मागं वळून पाहिलं तर सिदू आणि बाकीचे हमाल ढकलत होते.

"तुम्ही तर नाही म्हणत होता!" सिद्धलिंगप्पा धापा टाकत म्हणाले.

"हुकमानं न्हाय म्हनलो," सिदू म्हणाला. "आता हुकूम कुटं हाय?"

गाडी दारात पोचली तेव्हा लाद्यांचं जे काही उरलं होतं, ते एका घमेल्यात मावलं. दाक्षायणीनं ते फोडून मीठ घालून संच्याभोवती भरलं, हमालांनी आळीपाळीनं दांडा फिरवला, आणि चमचा-चमचा का होईना, सगळ्यांना आईस्क्रीम मिळालं. शिवम्मानं आपला चमचा जिभेवर धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा मुलाच्या खांद्यावरचा लाल वळ तिला दिसला. "ह्यासाठी वढलास व्हय रे?" ती म्हणाली, आणि त्याच्या वाटीतलंही खाऊन टाकलं. संध्याकाळी साखरपुडा थाटात झाला. नवरीच्या बापाला उजवा हात मात्र वर उचलवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाक्षायणी त्यांच्या खांद्याला हळदतेल चोळत होती. "आई गं!" सिद्धलिंगप्पा कळवळले. "ही कसली रीत? माणसाचं कातडं म्हणजे काय..."

"बैलाच्या खांद्याला वळ उठला तर तुमचं मंडळ धावतंय," ती चोळता चोळता म्हणाली. "सिदूच्या खांद्याला उठला तर कोण धावतंय?"

सिद्धलिंगप्पा तसेच उठले, सदरा चढवला आणि त्या दिवशीच मंडळाची सभा बोलावली.

"उन्हाळ्यात बारा ते तीन हमालांनाही जुंपू नये," त्यांनी ठराव मांडला.

सभासदांनी एकमेकांकडं पाहिलं. अध्यक्ष चनबसप्पा हे भुसारमालाचे मोठे व्यापारी. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिद्धलिंगप्पा, आपली संस्था मुक्या प्राण्यांची. हमाल काय मुके आहेत?"

"मुके नाहीत!" सिद्धलिंगप्पांनी डाव्या हातानं टेबल आपटलं, कारण उजवा उठत नव्हता. "पण ऐकतंय कोण त्यांचं? माझ्या आजोबांनी बैलासाठी हात जोडले तेव्हा तुमचेच आजोबा हसले होते. बैल आता सावलीत बसतो. माणूस अजून उन्हातच आहे!"

बरीच गरमागरमी झाली. शेवटी 'हा विषय मंडळाच्या कक्षेत येतो की नाही, याचा विचार पुढील सभेत व्हावा' असं ठरलं आणि सभासद चहा पिऊन घरी गेले. सिद्धलिंगप्पा चहा न पिताच उठले. मंडळाच्या कक्षेत काय येतं ते त्यांना कळेना. पण आपलं दुकान आपल्या कक्षेत येतं एवढं कळत होतं.

पुढच्या सोमवारी भर दुपारी करमाळ्याचा एक व्यापारी त्यांच्या दुकानात आला. चादरींचे गठ्ठे घेऊन त्याला लगेच निघायचं होतं. बाहेर भाड्याची जीप उभी होती. पण पायरीपलीकडच्या सावलीत सिदू आणि त्याचे सोबती डोक्याखाली मुंडाशी घेऊन गाढ झोपले होते.

"मालक, उठवा की ह्यास्नी! गठ्ठे कवा चढायचे?"

"तीन वाजता," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "बारा ते तीन सुट्टी आहे. उन्हाळा आहे."

व्यापाऱ्यानं झोपलेल्या हमालांकडं पाहिलं, पलीकडं पिंपळाखाली रवंथ करणाऱ्या बैलांकडं पाहिलं, आणि तो वैतागून म्हणाला, "कमाल हाय तुमच्या सोलापूरची! आता मान्सालाबी हितं जनावरात धरत्यात व्हय?"

"अजून नाही हो," सिद्धलिंगप्पा संतापानं म्हणाले, "पण प्रयत्न चालू आहेत!"