गुळगुळीत पृथ्वीवरचा हिमालय

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींनो, तुम्ही खोटं लिहिता. माझ्या मुलीच्या भूगोलात तुम्ही बेधडक छापलंय, पृथ्वी नारंगीसारखी गोल आहे. नारंगी कधी हातात धरलीत का हो? की तुम्हाला ती सोलूनच मिळते?

मी रघुनंदन. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचं सगळं फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिकलो. तिथं मी धातूला पॉलिश करतो, तेव्हा गुळगुळीत म्हणजे काय ते मला शिकवू नका. पृथ्वी नारंगीएवढी केली तर सबंध हिमालय एका केसाच्या जाडीएवढा उंच भरेल! ध्रुवांकडचं चपटेपण तर नुसत्या डोळ्यांना कळणारच नाही. आणि तुमच्या नारंगीच्या सालीवर ते खड्डे! तसे खरोखर असते तर म्हैसूरला निघालेली बस एका खड्ड्यात उतरली असती आणि वर येताना तिच्यात प्रवाशांची नातवंडं असती.

हे मी घरी जेवताना सांगितलं. मग टेनिसचा चेंडू आणला, तो लोकरी निघाला. क्रिकेटच्या चेंडूला पोटावर शिवण. शेवटी रव्याचा लाडू उचलला, तर शुभदा म्हणाली, "अहो, तो खायचा असतो." बायको पुण्याची आहे. कमी बोलते, पण त्यातच माणूस आडवा होतो.

विषय निघाला होता हर्षितामुळे. तिच्या शाळेत प्रदर्शन होतं आणि तिनं पृथ्वी केली होती. नारळाएवढ्या प्लॅस्टिकच्या चेंडूवर मेथी घालून भिजवलेला कागदाचा लगदा थापला होता. त्यावर हिमालय? अंगठ्याएवढा! एवढ्या उंचीला उपग्रह अडकतील, असं मी तिला समजावलं.

"असू दे ना अण्णा. मला उंचच हवाय."

"का?"

तिनं अज्जांच्या खोलीकडे पाहिलं आणि हिमालयावर आणखी चिमूटभर लगदा थापला. मला वाटलं, हट्ट. आमच्या घराण्यात तो कुंडलीतच लिहिलेला असतो.

अज्जा म्हणजे माझे वडील, भीमाचार्य. काचबिंदूनं त्यांची दृष्टी पार गेलीय. आयुष्यात एकच मागणं होतं, बद्रीला जायचं. ते राहून गेलं. सकाळच्या कॉफीबरोबर ते रोज एकदा म्हणतात, "बद्री राहिली रे." आणि मी रोज म्हणतो, "जाऊ हो." दोघांनाही ठाऊक असतं.

तर मी मुलीला न विचारता कामाला लागलो. कारखान्यातल्या कल्लाप्पानं लेथवर ॲल्युमिनियमचा भरीव गोळा कातून दिला. जिन्याच्या कठड्याला शोभेल म्हणाला. मी म्हटलं, अरे, ही भूमी आहे. "सरी," म्हणजे बरं, म्हणाला आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघत राहिला. मी तो आरशासारखा घासला, त्यावर पातळ रंगानं खंड काढले. देवानंसुद्धा इतकी सफाई केली नसेल! मुलीच्या चेंडूवरचा लगदा मी उत्साहात आधीच खरवडला होता, आणि कामाला येणाऱ्या गंगव्वानं तो बंबात घालून पाणी तापवलं होतं. म्हणजे त्या दिवशी मी हिमालयावर आंघोळ केली.

हर्षिता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. गोळ्यावरून हात फिरवून म्हणाली, "छान आहे अण्णा."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पाहतो तर अज्जा जरीकाठी धोतर नेसून तयार. शाळेत कशाला, म्हणून मी शुभदाला विचारलं.

"तो हिमालय त्यांच्यासाठी होता," ती म्हणाली. "त्यांचं बोट धरून ती त्यांना बद्रीला नेणार होती. शाळेत, सगळ्यांसमोर. महिनाभर दोघांचं ठरलंय."

"मग मला आधी सांगायचं नाही?"

"कधी सांगणार? तुमचं नारंगीवर चाललं होतं."

शाळेपर्यंत गोळा मीच उचलून नेला, तोही नारंगीचा विषय न काढता. आमच्या गल्लीत ही बातमी होती.

गोळा स्टीलच्या वाटीवर ठेवला होता. कुणाचा तरी धक्का लागला. नारंगी असती तर दोन पावलांवर थांबली असती. माझी पृथ्वी गुळगुळीत! टेबलावरून धाडकन खाली, तिथून व्हरांड्यात, व्हरांड्यातून दगडी पायऱ्यांवर. मागून मी, मराठीत आणि कन्नडात ओरडत, "पृथ्वी थांबवा!" हेडबाईंनी साडी सावरून वाट दिली. वॉचमननं तर फाटक उघडून धरलं. पण शेवटची पायरी उतरून ती बाकाला अडली, आणि त्या बाकावर अज्जा बसले होते.

त्यांनी वाकून चाचपडत ती उचलली. मांडीवर घेतली. सावकाश बोटं फिरवली.

"थंड आहे," म्हणाले. "हर्षू, बद्री कुठाय?"

मी उत्तर द्यायला गेलो, पण माझ्याजवळ होतं फक्त केसाचं गणित.

हर्षिता धावत येऊन त्यांच्या पायाशी बसली. पायरीच्या दगडानं गोळ्याला एके ठिकाणी खरवडलं होतं, आणि तिथं धातूचा कंगोरा वर आला होता. तिनं अज्जांचं बोट धरून नेमकं तिथं टेकवलं.

"हा हिमालय. जपून, टोकदार आहे."

"आणि बद्री?"

"अजून थोडं वर. दम लागला का अज्जा?"

"लागला गं," अज्जा म्हणाले. मग बोट तिथंच ठेवून त्यांनी डोळे मिटले. आंधळा माणूस डोळे कशाला मिटतो, ते मला त्या दिवशी कळलं.

हेडबाई वाकून बघत मला म्हणाल्या, बद्री आफ्रिकेत कशी? माझ्या रंगाप्रमाणे कंगोरा खरंच आफ्रिकेत होता.

मी म्हटलं, "मॅडम, स्वल्प गप्प बसा."

तो कंगोरा मी फक्त बोटाला लागू नये इतकाच घासला. अख्ख्या जन्मात एवढं कमी पॉलिश मी कशालाच केलेलं नाही. आता पृथ्वी आमच्या देवघरात शाळिग्रामाशेजारी असते. अज्जा तिला रोज आंघोळ घालतात. रंग धुऊन गेला, आफ्रिका गेली, चूक आपोआप दुरुस्त झाली. सकाळच्या कॉफीबरोबर बद्रीची तक्रार बंद आहे.

तर पाठ्यपुस्तकवाल्यांनो, नारंगी बोटांना कळते, हे माझ्या आता ध्यानात आलंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी बोटांनी बघणारं माणूस होतं का? असेल तर वरची शिवी मागे. नसेल, तर नारंगी का लिहिलीत? उत्तर द्या. मला नव्हे, हर्षिताला द्या. तिच्या वडिलांवर तिचा आता विश्वास नाही.