वासुदेवकाकांवर केलेले प्रयोग

प्रयोग करायचा म्हटलं की माणसं चार हात लांब पळतात. आमचे वासुदेवकाका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून यायचे. "बस थोडा वेळ, सायन्सचं काम आहे," असं त्या साबण लावलेल्या माणसाला सांगायचे, हात पुसायचे आणि फोटो काढायला बसल्यासारखे ताठ माझ्यासमोर येऊन बसायचे.

अमरावतीत त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. मागच्या खोल्यांत ते आणि काकू राहत, वरच्या खोलीत भाड्याने मी. दर्यापूरहून आले होते, बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी करायला. आमच्याकडे हे नाव कोणाला पेललं नाही. 'पोरगी पागलांची डॉक्टर होऊन राहिली' असंच गावभर झालं. बाबांनी ते खोडलं नाही आणि मीही नाही. खरं म्हणजे कॉलेजातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या डिग्रीवर कोणाला तपासायचं नाही, उपचार तर लांबच राहिले, त्यासाठी पुढे बरंच शिकावं लागतं. ही बातमी मी दर्यापूरपर्यंत पोचू दिली नव्हती.

आमच्यात प्रॅक्टिकल फार. प्रत्येक प्रॅक्टिकलला एक सब्जेक्ट लागतो, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, आणि तो ज्याचा त्याने शोधून आणायचा. सब्जेक्ट नाही तर जर्नल नाही, जर्नल नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मैत्रिणी भावाबहिणींच्या विनवण्या करायच्या. मी जिन्यात तोंड पाडून बसले होते, तेव्हा काकांनीच विचारलं, "तुले माणूस पायजे ना? मंग मी काय जनावर हाओ?"

तेव्हापासून तीन वर्षं माझा सब्जेक्ट ठरलेला. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी. आणि प्रयोग संपला की त्यांचे तीन प्रश्नही ठरलेले. पहिला, पास का नापास? यात पास-नापास नसतं, हे मी शंभरदा सांगितलं असेल. "असं कसं? मंग परीक्षा कायले घेता?" दुसरा, हे कागद कोण वाचते? त्यावर मी सांगायचे, फक्त मॅडम, आणि कागदावर तुमचं नाव नसतं. मग आवाज उतरवून तिसरा, "हसलं तं नाई ना कोणी?" हा मला फार मजेचा वाटायचा. खोटं कशाला बोलू, एकदा कॉलेजात मी त्यांची हुबेहूब नक्कल केली होती आणि सगळा वर्ग हसला होता.

त्यांनी मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. एक प्रयोग असा असतो, की चांदणीची आकृती पेन्सिलने गिरवायची, पण हात झाकलेला, बघायचं फक्त आरशात. सगळ्यांचा हात आधी भलतीकडे जातो, सवयीने चुका कमी होतात, त्या उतरत्या चुकांचा आलेख काढला की प्रॅक्टिकल झालं. काकांनी पहिल्याच खेपेला चांदणी अशी गिरवली, की आलेखात उतरायला काही उरलंच नाही. "आरशात पाहूनच लोकायचे कल्ले सारखे करून राहिलो ना, पोरी. उमर गेली त्यात."

मॅडम म्हणाल्या, हे घरी बसून लिहिलंस. मी काकांना म्हटलं, पाच-सहा चुका घालून टाकते. काकांनी जर्नलच ओढून घेतलं. "खोट्या चुका? माह्या नावावर एक बी नाई." शेवटी मॅडम स्वतः सलूनमध्ये आल्या, समोर बसून पुन्हा चांदणी काढून घेतली आणि माझी माफी मागून गेल्या. मग काय, आख्ख्या वर्गाला पत्ता लागला. सोमवारी दुकान बंद, तर सोमवारी आम्ही अकराजणी. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. आमच्या बॅचच्या डिग्र्या त्या दोन खुर्च्यांवर उभ्या आहेत, हे मी आजही कोणालाही सांगते.

काकू मात्र दिसत नसत. मागचं दार कायम अर्धं लोटलेलं. कधी आतून पुटपुटणं ऐकू यायचं, कधी आठ-आठ दिवस न विंचरलेले केस दारात दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. स्वयंपाक काकाच करत. त्यांना जेवू घालून मग दुकान उघडत. कोणी विचारलंच तर, "नरम असते तिची तब्येत," एवढंच. आणि मी, मानसशास्त्राची हुशार विद्यार्थिनी, स्किझोफ्रेनियाची लक्षणं घोकत त्याच दारावरून जिना चढायचे. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा शब्दांची चाचणी होती. मी शब्द म्हणायचा, त्यांनी मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि लागलेला वेळ मी टिपायचा. वस्तरा, धार. पाऊस, चिखल. सोमवार, सुट्टी. सगळं तडकाफडकी. मग मी म्हटलं, दवाखाना. स्टॉपवॉच चालतच राहिलं. काका मागच्या दाराकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उद्या." अशा थांबण्याकडे नीट बघा, असं आम्हाला शिकवलं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, म्हणून मी लिहिलं, 'गिऱ्हाईक आल्याने लक्ष विचलित'. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली.

शेवटची परीक्षा झाली त्यानंतरच्या सोमवारी काकांनी मला खाली बोलावलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं होतं, केस काकांनी स्वतः विंचरले होते. "आता हिची घे," ते म्हणाले. "माह्यावर समदं शिकली ना तू?"

"काका, मले नाही येत. मी डॉक्टर नाही. या डिग्रीवर मले कोणाले तपासता येत नाही."

"मंग तीन वर्षं काय केलं वं तू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी त्यांनी काकूंना एका दवाखान्यात नेलं होतं. मेलेली आई आपल्याला हाका मारते, असं काकू सांगायला लागल्या आणि तिथला कंपाउंडर फिसकन हसला. काकू उठून बाहेर आल्या. तेव्हापासून त्या कोणापाशी धड बोलल्या नाहीत आणि दवाखाना म्हटलं की कडी लावून बसतात. "आज लय मिनतवारीनं आणून बसवली," काका म्हणाले.

मी तशीच मॅडमकडे पळाले. त्यांनी एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंना चिठ्ठी दिली, अकोल्याच्या. "अमरावतीत नको," हा काकांचा हट्ट, "अर्धं गाव माह्या खुर्चीत बसते." पुढच्या सोमवारी एसटीने आम्ही तिघं अकोल्याला गेलो. काकूंनी सगळा रस्ता काकांची बाही सोडली नाही.

डॉक्टरबाईंनी हळू आवाजात विचारलं, काही ऐकू येतं का? काकू गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. काका त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "सांग तू. हे शिकलेले लोक हसत नाईत. तीन वर्षं म्या सोताले बसवून पाह्यलं."

मला कोणीतरी भर वर्गात उभं केल्यासारखं झालं. म्हणजे हा माणूस आधी स्वतःवर सगळं करून बघत होता. काय विचारतात, कुठे लिहितात, कोणाला सांगतात, हसतात का. आणि मी त्याची नक्कल केली होती. मान खाली घातली ती वर करवेना. पुढचं शिकायचं, मधेच सोडायचं नाही, हे मी त्या खोलीत ठरवलं. आज एम.ए. करते आहे, बाबांना सगळं खरं सांगून. त्याचं श्रेय वासुदेवकाकांचं आहे.

काकू एका दिवसात बऱ्या झाल्या नाहीत. गोळ्या सुरू झाल्या, एकदा बदलल्या. चौथ्या खेपेला डॉक्टरबाईंनी काकांना आणि मला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला, काकूंचा. शब्द कळत नव्हते, पण बोलणं थांबत नव्हतं. काका बाकावर पुढे सरकून ऐकत राहिले.

"एवढं बोलते ती?" ते दाराकडे बघत म्हणाले. "माह्यापाशी पाणी दे म्हणते फक्त. कोणत्या सालापासून, ते बी ध्यानात नाई. पोरी, माह्याशी बी बोलन का ती?"

मी त्यांचा हात धरला. दाढ्या करून करून बोटं मऊ पडली होती.

दार उघडलं. काकू बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि काकांकडे नीट बघून म्हणाल्या, "जेवले का तुमी?"

काका बाकावरून उठले, पुन्हा बसले. शेवटी मीच म्हटलं, "नाही काकू. सकाळपासून उपाशी आहेत."