परत बोलावण्याचे खाते

वस्त्र हे लज्जारक्षणासाठी असते, असे शास्त्रकारांनी लिहून ठेवले आहे. शास्त्रकारांनी सोलापुरात कधी कापड खरेदी केले नसावे. सोलापुरात लुगडे घेतात ते दुकानदाराला नमवण्यासाठी. ते नेसण्याचा उपयोग मागाहून होतो, आणि तोही भावकीत लग्न निघाले म्हणजे. कारण कितीचे लुगडे कितीला आणले, हे सांगायला समोर माणसे लागतात.

ही गोष्ट सिद्धलिंगप्पाला ठाऊक नव्हती, आणि त्याबद्दल त्याला फार दोष देता येत नाही. तो चाटी गल्लीतल्या एका सचोटीच्या कापडवाल्याच्या घरी जन्मला होता. (गल्लीतली बाकीची घराणीही सचोटीचीच होती. तसे त्यांच्या पाट्यांवर लिहिलेले होते.) बाप अंथरुणावर शेवटचे क्षण मोजत असताना त्याने गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घेतली होती की, दुकानाच्या गादीवर बसून मी कधी खोटे बोलणार नाही. बापाने समाधानाने डोळे मिटले. बापाला धंदा करायचा नव्हता.

सन एकोणीसशे सव्वीसच्या पाडव्याला सिद्धलिंगप्पाने दुकानावर नवी पाटी लावली: 'एकच भाव. घासाघीस करू नये.' असली पाटी त्याने मुंबईच्या एका मोठ्या दुकानावर पाहिली होती. त्या दुकानाला विजेचे पंखे होते आणि लोक वारा घ्यायला येत होते, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही.

पाटीखालून आत आलेले पहिले गिऱ्हाईक म्हणजे सांगोल्याकडची केराबाई. थोरल्या लेकीचे लग्न ठरले होते. तिने एक हिरवे लुगडे पसंत केले आणि भाव विचारला. सिद्धलिंगप्पाने खरेदी, वाहतुकीचे हशील आणि आपला रास्त नफा मनात धरून सांगितले, "चार रुपये."

"अडीचला द्या की."

"बाई, एकच भाव आहे."

"व्हय, एकच म्हना. पर त्यातनं सोडनार किती, त्ये सांगा."

"काहीच नाही."

केराबाई हसली. थट्टा तिलाही कळत होती. पण दुकानदार हसेना, तेव्हा ती उठली.

इथे उठून जाण्याच्या रीतीविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. उठून जाणे म्हणजे निघून जाणे नव्हे; तो खरेदीचाच एक भाग आहे. पदर सावरायचा, पायऱ्या उतरायच्या, गल्लीच्या तोंडाशी चिंच आहे तिथवर मागे न बघता जायचे आणि पायात काटा मोडला असे समजून खाली वाकायचे. काटा निघेपर्यंत दुकानातून हाक येते. हाक आली की नाइलाज झाल्यासारखे तोंड करून परत फिरायचे.

केराबाईने उजव्या पायातला काटा काढला. हाक आली नाही. तिने डाव्या पायातला काढला. सिद्धलिंगप्पा गादीवर मांडी घालून, खरे बोलल्याच्या तेजाने उजळून, शांत बसला होता. बाईच्या डोळ्यांत पाणी आले. "मानूस म्हनून हाक तरी मारायची व्हती," असे म्हणून ती समोरच्या दुकानात गेली. तिथे त्याच गिरणीचे तेच लुगडे तिला सात रुपये सांगितले गेले, दोनदा हाक मारली गेली, आणि पाच रुपयांना ते तिने जिंकले. मग तिने सांगोला तालुक्यात वर्दी दिली की, पाटीवाला लबाड आहे. चारला म्हणाला आणि एक पैसा सोडला नाही.

पुढची लग्नसराई सिद्धलिंगप्पाने गादीवर एकट्याने काढली. दिवसभरात तो एकही शब्द खोटा बोलत नसे, कारण बोलायलाच कुणी नसे. समोरच्या दुकानातली गर्दी पाहून त्याला अक्षरशः रडू यायचे. दुकान गेले तर बापाची सचोटी ठेवायची कुठे, हा त्याच्यापुढे खरा प्रश्न होता.

तो सोडवला त्याच्या बायकोने. चंद्रव्वा मैंदर्गीची, आणि सरळ विचारांची. दुपारी ताटात भाकरी वाढता वाढता तिने विचारले, "तुम्ही हाक का मारत नाही?"

"हाक मारली की भाव उतरवावा लागतो. उतरवायचा तर आधी चढवावा लागतो. आणि तसं केलं म्हणजे गादीवर बसून खोटं बोललो की!"

"अय्य! मामंजींना शब्द दिला तो गादीवरचा. खाली उतरून काय बोलायचं, ते त्यात कुठं आलंय?"

सिद्धलिंगप्पाचा घास हातातच राहिला. एवढ्या मोठ्या घराण्यात एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भाव विचारला की तो गादीवरून खाली उतरू लागला. उभा राहून, हात जोडून सांगायचा, "सात रुपये." लोक भारावून जात. एवढा मोठा मालक, पण गोरगरिबाशी उठून बोलतो, अशी त्याची कीर्ती थेट अक्कलकोटापर्यंत गेली. भाव सांगून झाला की तो परत गादीवर जाऊन पाणी कसे आहे, पाऊस कुठवर आला, अशा विषयांवर खरे बोलत असे.

राहता राहिली हाक. सिद्धलिंगप्पाचा आवाज मुळात बारीक, त्यात लाजेने आणखी बारीक होई. म्हणून त्याने धुळा नावाचा धनगर नोकरीला ठेवला. दुष्काळात धुळाची मेंढरे गेली होती, आवाज मात्र शाबूत होता. पलीकडच्या माळावरची चुकार मेंढी नुसत्या हाकेने मागे फिरवण्यात त्याचा हातखंडा होता. (हे केवळ पूर्वानुभव म्हणून नमूद केले आहे. त्यातून गिऱ्हाइकांविषयी काहीही सुचवण्याचा हेतू नाही.) गिऱ्हाईक चिंचेखाली वाकले की धुळा पायरीवर उभा राहून ओरडे, "ओ मावशे, या माघारी! मालकाचं डोस्कं फिरलंय, तवर घिऊन टाका!"

दुकान तुफान चालले. साहजिकच गल्लीतल्या इतरांनीही परत बोलावण्याची खाती उघडली, आणि साहजिकच गिऱ्हाइकांनी अंतर वाढवले. जवळून बोलावलेल्याला मान तो काय? पहिल्या वर्षी शंभरांतले नव्वद चिंचेपाशी वळत. तिसऱ्या वर्षी चिंचेपाशी वळणाऱ्याला घरी तोंड दाखवायची सोय उरली नाही. शेतकरी वेशीपर्यंत जात, शाळामास्तर स्टेशनापर्यंत. एक पेन्शनर गृहस्थ धोतरजोडीवरून उठले ते गाडीत बसून होटगीला गेले आणि तिथल्या फलाटावर काटा काढत बसले. धुळाला पुढच्या गाडीने जाऊन त्यांना हाक मारावी लागली. त्यांनी जोडीमागे दहा आणे वाचवले. तिकिटाला जास्त पडले खरे, पण ते पैसे रेल्वेला गेले, दुकानदाराला नव्हेत.

आणि मग ऐन लग्नसराईत, एका सकाळी, धुळाचा घसा बसला.

त्या दिवशी दुकान गच्च भरले, भाव सांगितले गेले, आणि रीतीप्रमाणे सगळे उठून गेले. धुळा पायरीवर उभा राहिला, त्याने तोंड उघडले, आणि आतून नुसता वारा आला. हाक येईना म्हणून वेशीपर्यंत गेलेलेही काटा शोधत शोधत चिंचेपर्यंत मागे सरकले, आणि गल्लीभर लोक वाकून बसले. दुपार झाली. आपण होऊन दुकानात परत जावे तर अब्रू जाते, दुसऱ्या दुकानात जावे तर तिथूनही पुन्हा पहिल्यापासून उठून जावे लागते, आणि निघून जावे तर लग्न तोंडावर आलेले. वाटेने जाणाऱ्या एका परगावच्या माणसाने ही एवढी मंडळी काटे काढताना पाहून स्वतःचे जोडेही उलटे करून तपासले.

त्या गर्दीत केराबाई होती. धाकट्या लेकीचे लग्न परवावर आले होते आणि गावाकडची बैलगाडी गिरणीचा भोंगा झाला की निघणार होती. ती चिंचेखाली बसली होती आणि चोरून दुकानाकडे बघत होती.

सिद्धलिंगप्पाने तिला ओळखले आणि त्याचे काळीज हलले. आपण हिला एकदा रडवले आहे, आज हिला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाही, असे त्याला मनापासून वाटले. तो गादीवर चढला, मांडी घातली, लिंगावर हात ठेवला आणि होता नव्हता तो आवाज काढून म्हणाला, "बाई, या! ते लुगडं चार रुपयांना न्या! हाच खरा भाव! बापाची शपथ!"

गल्लीतल्या वाकलेल्या माना वर झाल्या. मग कुणीतरी हलकेच म्हणाले, "बसून बोलतोय गा."

"व्हय की," केराबाई म्हणाली. "रोज उबं ऱ्हाऊन बोलनारा मानूस, आज बसला. कायतरी लबाडी हाय. मी न्हाय फसायची."

भोंगा झाला. गाडीवान बैल जुंपू लागला. केराबाईचे डोळे भरून आले. पण ती जागची हलली नाही.

सिद्धलिंगप्पा हळूहळू गादीवरून उतरला. पायरीवर येऊन उभा राहिला, हात जोडले, आणि फाटक्या आवाजात ओरडला, "सात रुपयांच्या खाली परवडत नाही! पण या माघारी! तुमच्यासाठी म्हणून पाच!"

गल्लीतले सगळे काटे एकदम निघाले. केराबाई सर्वांच्या पुढे होती. पाच रुपये मोजून लुगडे काखेत मारताना तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आता कसं मानसागत बोललासा," ती म्हणाली.

त्यानंतर गादीवर बसून भाव सांगण्याचा वेडेपणा सिद्धलिंगप्पाने पुन्हा केला नाही. ती गादी आजही पांढरीशुभ्र आहे, आणि हिच्यावर बसून एकही खोटा शब्द बोलला गेला नाही, असे लोक पाहुण्यांना दाखवतात. ते खरेच आहे.

वाचकांना केराबाईची कीव आली असेल. ती जरा बाजूला ठेवावी. आत्ता अंगात आहे तो सदरा कितीला घेतला, असे कुणी विचारले, की आपणही आधी सांगतो, तो किती सांगत होता. मग सांगतो, किती दिले. आणि शेवटी सांगतो की, मी तर उठून चाललोच होतो, त्यानेच हाक मारली. खुशाल सांगावे, छाती पुढे काढून सांगावे. फक्त तुम्हाला भाव सांगताना तो दुकानदार बसला होता की उभा होता, एवढे एकदा आठवून पाहावे.