ढगेकाकांचं नेट

ढगेकाका आमच्या घरी आले की माणसांकडे नंतर बघतात, आधी टीव्हीवरच्या राउटरचे दिवे बघतात. सगळे हिरवे दिसले की त्यांचा चेहरा पडतो.

"हिरवेच हायत," ते सुस्कारा सोडतात. "मज्जा हाय राव तुमची."

चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका आणि आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. ते मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर उभा जन्म काढून रिटायर झालेले. दोघांच्या घरी कनेक्शन एकाच केबलवाल्याचं, डबाही एकसारखा. तरी त्यांचं नेट जातं, तेही नेमकं संध्याकाळी, आणि आमचं चालू राहतं. हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"कामून? आमच्याच घराला काटे हायत का?"

मग त्यांनी शोध लावला की माझा राउटर भिंतीतून त्यांचं नेट ओढतो. "विहिरीला विहीर लागून असली की खोल विहीर पाणी वढते. शेतकऱ्याला इचारा!" शेजारधर्म म्हणून मी माझा राउटर पलीकडच्या भिंतीला नेला. त्यांचं नेट जातच राहिलं. त्यांनी आपला डबा कपाटावर ठेवून बघितला, खिडकीत टांगला, देवघराशेजारी बसवला. ऐन उन्हाळ्यात टेबलफॅन त्याच्यापुढे लावून स्वतः घामाघूम बसले.

शेवटी केबलवाल्याचा माणूस म्हणाला, "काका, नवीन डबा देतो, झंझटच नको." तर हे एकदम उसळले. "न्हाई! ह्योच ऱ्हाऊ द्या!"

मी चाट पडलो. माझ्या नेटवर जळणारा माणूस फुकटात मिळणारा नवा डबा नाकारतो?

पण माझ्यापेक्षाही काका जळायचे ते काकूंवर. त्यांची मुलगी पल्लवी बंगळूरला नोकरीला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मायलेकी तासभर हसत बसायच्या.

"काय बोलतेत एवढं? आमटी उतू गेली, ह्येच की! अन् माझ्याशी काय? 'बाबा, बरे आहात ना? आईला द्या.' मी काय निरोप्या हाय?"

खरं तर चूक पल्लवीची नव्हती. कॅमेरा समोर आला की काका शर्टाचं वरचं बटण लावायचे, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे ताठ व्हायचे, "बरं हाय" म्हणायचे आणि फोन काकूंना देऊन टाकायचे.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. स्वयंपाकघरात काकूंचा कॉल रंगात आला होता. काका उठले, त्यांनी पडदा सारखा केल्यासारखं केलं आणि राउटरमागची पिवळी वायर हळूच उपसली.

"हॅलो? पल्लवी? गेलं बघा मेलं!" आतून काकू ओरडल्या.

काकांनी बटणांचा साधा फोन आधीच हातात धरला होता. तो वाजला. स्पीकर लावून ते फरशीवर बसले.

"बाबा, परत गेलं का? मागची पिवळी वायर बघा बरं."

"पिवळी?" वायर बोटांत फिरवत काका म्हणाले. "हितं तर लई वायरी हायत, बाई. नीट सांग."

ती सांगत राहिली. मध्येच म्हणाली, "आवाज बसलाय तुमचा. पुन्हा गार पाणी प्यायलात ना?"

"एकच तांब्या, आईशप्पत!" काका खुदकन हसले. मग गुडघ्याचं बोलणं निघालं, तिच्या नव्या साहेबाचं निघालं, आणि त्या साहेबाची नक्कल ऐकून काका डोळे पुसेपर्यंत हसले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ती वायर बघितली, मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"मला ठावं हाय," जवळ येऊन त्या पुटपुटल्या. "बोलू द्या त्यांना." आणि चहा टाकायला आत गेल्या.

"बाबा, सापडली का? घाई नाही ना तुम्हाला?"

"मला कसली घाई," काका म्हणाले आणि भिंतीला टेकून त्यांनी पाय लांब केले.