लखीरामचा आभाळातला फोटो

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात यवतमाळात आभाळातून माणसं पडणार होती. चीनचं युद्ध होऊन वर्ष झालं होतं. तरुण पोरांनी फौजेत यावं म्हणून गावाबाहेरच्या रानात लष्कराचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यात विमानातून छत्री घेऊन उड्या मारणारे जवान येणार होते. तोवर यवतमाळकरांना विमान म्हणजे दिवाळीच्या कंदिलाचा एक आकार, एवढंच ठाऊक.

फोटोवाल्या जफरमियाँनी ही बातमी ऐकली आणि भरल्या दुकानात जाहीर करून टाकलं, "पडत्या माणसाचा फोटो मी काढणार. असा काढणार, का मिशीचा केस न् केस मोजून घ्या."

मागच्या खोलीत त्यांची बायको अनवरी एका नवरीचे ओठ रंगवत बसली होती. फोटोतल्या नवरीचे. तेव्हा फोटो काळे-पांढरेच निघत, आणि ज्याला रंगीत हवा असे त्याला अनवरी बारीक कुंचल्यानं रंगवून देई. नवऱ्याचा आवाज कानावर आला तसा तिचा हात थांबला. समोर माणूस खुर्चीत बसलेला असला तरी जफरमियाँना फोटो काढायला अर्धा तास लागे. हनुवटी वर करा, खांदा पाडा, श्वास धरा, हलू नका. हे सगळं विमानातून पडणाऱ्या माणसाला सांगायचं कोणी, असा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, गिळायची सवय होती.

पण दुसऱ्या दिवशी सोनीबाई आली आणि गिळून भागेना.

सोनीबाई बोरी अरबजवळच्या तांड्यातली. दर बाजाराला अनवरीकडे तूप घेऊन यायची आणि तुपापेक्षा जास्त वेळ गप्पांना द्यायची. तिचा मुलगा लखीराम फौजेत होता आणि तोच त्या छत्रीवाल्यांबरोबर येणार होता. त्या दिवशी मात्र सोनीबाई तुपाची बरणी ठेवून गप्प बसली.

"काहून तोंड पाडून बसली वं?" अनवरीनं विचारलं.

"लखीरामच्या सगाईचं बिनसून राह्यलं, भाभी. मारेगावकडचा नेमसिंग नायक आहे न, त्याची हंसा. त्याच्या कानात कोणीतरी भरवलं, का लखीराम फौजेत भांडे घासते."

"मंग सांग न त्याले, उड्या मारते म्हणून."

"सांगतलं. तो म्हणते, आभाळातून पडून माणूस जिता कसा राह्यते? म्हटलं, येऊन पाहाय. तं म्हणते, मी नाही येत, फोटो दाखव. संक्रांतीपर्यंत थांबतो, नाही तं पोरगी दुसरीकडे देतो." सोनीबाईनं ओढणीनं डोळे पुसले. "लखीरामले तेच पोरगी पाहिजे, भाभी. मागच्या सुट्टीत आला, तं भाकर बी पुरती नाही खाल्ली त्यानं."

अनवरीनं तिचा हात धरला. "फोटो भेटन. माही जबान आहे."

जबान देऊन झाल्यावर तिला आठवलं, की फोटो जफरमियाँ काढणार आहेत.

आता कॅमेरा कोणता घ्यायचा, यावर दुकानात जी चर्चा सुरू झाली तशी दिल्लीतही युद्धावर झाली नसेल. चर्चेला शेजारचे मुख्तारभाई आले. ते घड्याळं दुरुस्त करत आणि चष्मेही विकत, त्यामुळे काचेच्या कुठल्याही गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा.

"हा लहान, घडीचा कॅमेरा घेऊन जा," अनवरी पडद्याआडून म्हणाली. "उचलला का दाबला."

"त्याच्यात तो मुंगीएवढा येईल," जफरमियाँ म्हणाले. "मुंगीच्या फोटोवर कोणी पोरगी देते काय? मोठाच कॅमेरा नेतो, दुकानातला."

"त्याच्यात मुंगळा येईल," मुख्तारभाई म्हणाले. "गोष्ट कॅमेऱ्याची नाही, भिंगाची आहे. भिंग जेवढं लांब धराल, तेवढा माणूस जवळ येतो."

"किती लांब?"

मुख्तारभाईंनी वर पाहिलं. दुकानाच्या पन्हाळीचा पत्र्याचा नळ भिंतीवरून खाली उतरला होता. "एवढा असला तं चालेल," ते म्हणाले.

तो नळ भिंतीवरून निघाला. मुख्तारभाईंनी एका टोकाला म्हाताऱ्यांच्या चष्म्याचं भिंग बसवलं, आतून काजळी फासली आणि दुसरं टोक जफरमियाँच्या लाकडी कॅमेऱ्याला ठोकलं. वजनानं कॅमेरा पुढे कलंडू नये म्हणून मागे पाटा बांधला. जफरमियाँनी काळ्या कापडाखाली डोकं घालून रस्त्याकडे बघितलं आणि लांबच्या कडुनिंबावरचा कावळा इतका जवळ दिसला, की त्यांनी त्याला "हलू नको" म्हटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी हे सगळं बैलबंडीतून गेलं. रानाच्या कडेला कापसाची वावरं होती, बोंडं फुटून पांढरी झालेली. तिथे तिपाईवर नळ आभाळाकडे रोखून जफरमियाँ उभे राहिले, आणि लोक आपोआप दहा हात मागे सरकले. अनवरी बुरख्यात, शेजारी सोनीबाई. पहिली उडी लखीरामचीच होती, म्हणून सोनीबाईनं विमानाचा आवाज ऐकताच ओढणी तोंडावर घेतली.

"म्या नाही पाहात, भाभी. तू पाहाय अन् मले सांग."

तेवढ्यात एक पोलीस हवालदार पळत आला. "हे तोफ कोणाची?"

"तोफ नाही, साहेब, कॅमेरा आहे."

"कॅमेऱ्याले नळ असते काय? लढाईचे दिवस, न् तू फौजेच्या विमानावर नळ रोखून राह्यला?"

"आत पाहून घ्या न, साहेब. माणूस दिसते."

जफरमियाँची चूक झाली ती इथे. त्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. जफरमियाँचा सारा जन्म उलटी माणसं बघण्यात गेला होता, त्यामुळे त्यात काही सांगण्यासारखं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. हवालदारानं टोपी काढून काळ्या कापडात डोकं घातलं, आणि नेमका त्याच वेळी विमानातून पहिला जवान सुटला. त्याची छत्री उघडली. बाकी सगळं मैदान आभाळाकडे बघत होतं, हवालदार काचेकडे.

"अरे, हा तं उलटा लटकला," कापडातून आवाज आला. "डोकं खाली झालं त्याचं."

सोनीबाईनं अनवरीचा दंड गच्च धरला.

"हा तं वर चालला," हवालदार ओरडला. "खाली नाही येऊन राह्यला, वर चालला सरळ!"

डोळे उघडे असलेल्या लोकांना लखीराम खाली येताना दिसत होता. तरीही निम्मे लोक चुळबुळ करू लागले, कारण सरकारी माणूस कॅमेऱ्यातून बघून सांगत होता. सोनीबाईचे तर डोळेच झाकलेले. "माहा लखीराम" एवढंच म्हणून ती वावरात धावत सुटली आणि तिच्या मागे बुरखा सावरत अनवरी. इकडे जफरमियाँ हवालदाराला कापडातून बाहेर ओढत होते आणि हवालदार, "थांब, कुठवर जाते पाहू दे," म्हणून सुटायला तयार नव्हता.

लखीराम छान उतरला, कापसात, आईपासून चार हातांवर. आईनं त्याला मिठी मारली, वाऱ्यानं छत्री दोघांवर येऊन पसरली, आणि तेव्हा कुठे जफरमियाँच्या हाती कॅमेरा लागला. त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं, लावलं, आणि बोटांनी खूण केली: जमलं.

फोटो धुतला तेव्हा त्यात एक भला मोठा पांढरा ढीग होता आणि खाली चार पाय. धोब्याच्या गाठोड्याला पाय फुटल्यासारखे.

"हे नेमसिंगले दाखवलं," सोनीबाई म्हणाली, "तं तो म्हणन, भांडे नाही घासत, कपडे धुते."

लखीरामची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती. जफरमियाँ खाली मान घालून बसले. अनवरी उठली. "तो पडला हे खरं आहे," ती म्हणाली. "फोटो तेवढा राह्यला. तेवढा आता काढून घेऊ."

सकाळी लखीराम वर्दीत हजर झाला. ढगांचा रंगवलेला पडदा लावला, छताच्या दांडीला अनवरीचा पलंगपोस छत्रीसारखा बांधून त्याच्या चार दोऱ्या लखीरामच्या खांद्यांवर आणल्या, आणि त्याला उंच स्टुलावर बसवलं.

"हलू नको," जफरमियाँ म्हणाले. "तू पडून राह्यला."

"चाचा, पडताना मी डोळे मिटून घेतो."

"मिटू नको. नेमसिंगले वाटन, निजला. जरा हस."

"पडताना?"

"सासऱ्याले फोटो चालला, बेटा. हस."

अनवरीनं निगेटिव्हच्या काचेवरचं स्टूल खरडून काढलं, छापलेल्या फोटोत वर्दी हिरवी केली, गाल गुलाबी केले. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो झाला. सोनीबाई तो छातीशी धरून मारेगावच्या एसटीत बसली.

संध्याकाळी अनवरीनं दुसरी प्रत दिव्याखाली धरली. आभाळात ढगांच्या मध्ये लखीराम तरंगत होता आणि त्याचा उजवा हात एका फुलदाणीवर होता. जफरमियाँच्या दुकानात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाचा उजवा हात त्या फुलदाणीवर ठेवला जाई. हात सवयीनं ठेवला गेला होता, आणि अनवरीनंही सवयीनं फुलं लाल रंगवली होती.

चार दिवस तिला अन्न गोड लागेना. आपण जबान देऊनही एका पोराची सगाई मोडणार, हेच डोळ्यांपुढे. पाचव्या दिवशी पागोटंवाला एक उंच म्हातारा दुकानात येऊन बसला. "मी नेमसिंग," तो म्हणाला. अनवरी पडद्याआड कान देऊन उभी राहिली.

"फोटो पाह्यला?" जफरमियाँनी कसंबसं विचारलं.

"पाह्यला. पण उडी आधीच पाह्यली होती. गुपचूप आलतो मी, तुमच्या मागंच उभा होतो. हवालदारानं वर चालला म्हटलं, तवा माह्यालेच घाम फुटला."

"मंग फोटो कायले मागतला?"

"पोरीले तो पाहाचा होता. खालून का तोंड दिसते कोणाचं? आता उशाखाली ठेवून घेतला तिनं, वापस देत नाही. म्हणून म्हटलं, सगाईचा गूळ तुमच्या घरी पहिले देऊन यावं." त्यानं गुळाची पुडी ठेवली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "एक सांगा, मियाँ. खाली उतरल्यावर ते फुलदाणी कुठं ठेवली त्यानं?"

पडद्याआडून अनवरीच म्हणाली, "फौजेची होती. जमा करून घेतली त्यांनी."

"बरोबर आहे," नेमसिंग उठत म्हणाला. "फौजेचं काम मोठं कडक."

लखीराम-हंसाचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. लखीराम सुभेदार होऊन परतला आणि तांड्यात कापूस पिकवू लागला. हंसाबाई पुढे सरपंच झाली. सोनीबाई नव्वदीपर्यंत तूप घेऊन येत राहिली, तशीच गप्पा जास्त आणि तूप कमी. नेमसिंग नातवंडं बघून गेला. हवालदाराची बदली वणीला झाली आणि तो तिथे लोकांना कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका असं सांगायचा म्हणे. मुख्तारभाईंनी नळाची दुर्बीण करून गच्चीवर लावली आणि आयुष्यभर चंद्राला नावं ठेवली.

जफरमियाँचं दुकान मात्र जोरात चाललं, कारण भोवतालच्या तांड्यांतल्या प्रत्येक नवरदेवाला आभाळातच फोटो हवा होता. ते गेल्यावर भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधला, तर घरात एकही सापडला नाही. अनवरीला कोणी याचं नवल बोलून दाखवलं तर ती म्हणते, "मी एकदा काढला होता न. एवढे हलले, का तिघं जण आले फोटोत."